दूध आहे, थांबा

बेल वाजवून मी दाराकडे तोंड करून उभी राहिले. खांद्याला बॅग, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत, अगदी सवयीने. आत पावलं वाजतील, कडी निघेल, पिशवी कोणाच्या तरी हातात देऊन मी पायातलं काढीन, असं सगळं माझ्या अंगाने परस्पर ठरवून टाकलं होतं. कोणी येईना. तेव्हा मला चक्क राग आला. एवढी माणसं घरात आणि एकालाही उठवत नाही! दुसऱ्यांदा बेल वाजवायला बोट वर नेलं आणि ते तिथेच राहिलं. ही खोली माझी होती. या परक्या देशात शिकायला आल्यापासून मी हिच्यात एकटीच राहत होते. आणि मी तर बाहेर होते.

जिन्यात कोणी नव्हतं ते बरं. समोरच्या दाराआड रेडिओ चालू होता, खालच्या मजल्यावर कोणीतरी सायकल आपटत उतरवत होतं. मी बोट खाली घेतलं, खिशात चावी चाचपली. चावी होती. चावी विसरण्याचे दिवस मागे पडले, या गोष्टीचा मला गेले काही आठवडे मोठा तोरा होता. रस्ते पाठ झाले होते, दुकानातली मुलगी मला बघून न विचारता पाव कापायला घेत होती, स्वप्नातसुद्धा मी इथल्या भाषेत भांडायला लागले होते. आणि आता ही बेल. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून दार उघडलं असतं. पण आज दुपारी माझी परीक्षा होती, आणि त्या परीक्षेत मला एकदा नापास करून बसली होती ती बेलच. मी दारातच उभी राहिले.

आमच्या घराला कुलूप नव्हतं. चोरांची भीती नव्हती असं नाही, पण कुलूप लावायला घर रिकामं तर व्हायला हवं. आजोबांच्या वेळेपासून ते कधी झालंच नाही. काका-काकू, आमचे आईबाबा, सगळी भावंडं, कामाला आलेले, सहज आलेले, आणि या सगळ्यांच्या मध्ये आत्या. एकदा कुणाच्या तरी लग्नाला सगळ्यांनीच जायचं ठरलं, तेव्हा कुलूप शोधायला लागलो आणि घरात कुलूपच निघालं नाही. काका शेजाऱ्यांकडून मागून घेऊन आले, तेवढ्यात आत्याने नेसलेली नवी साडी बदलून टाकली होती. "कुलूप कशाला, मी आहे ना," म्हणाली. सगळे गेले, ती राहिली. आत्या ही बाबांची मोठी बहीण. तिचं लग्न झालं नाही की तिने केलं नाही हे घरात कोणी नीट सांगत नाही, आणि तिला विचारायची माझी छाती नाही. दार उघडणं हे तिचं काम होतं. कोणी नेमून दिलं नव्हतं, पण दुसऱ्या कोणी उघडलं तर येणाऱ्याला चुकल्यासारखं वाटे. बेल वाजली की ती आतून विचारायची, "कोण?" आणि आम्ही सगळेच्या सगळे एकच उत्तर द्यायचो, "मी." नाव सांगायची कोणाला गरज वाटली नाही. त्या एका अक्षरावरून तिला कळायचं की कोण आलंय, दमलंय का, परीक्षेत आपटी खाल्लीय का, बाहेर कोणाशी वाजलंय का. बाबा शाळेतून चिडून आले की दार उघडायच्या आधीच ती आत ओरडून सांगायची, पोरांनो टीव्ही बंद करा. ती आंघोळीला गेली की दाराची जबाबदारी जवळ असेल त्याची. बेल वाजली आणि जवळचा उठला नाही, असं आमच्याकडे झालेलं मला आठवत नाही. ताटावर बसलेला डाव्या हाताने कडी काढायचा. तापाने फणफणलेला भिंत धरून यायचा. बाहेर माणूस उभं आहे आणि आपण आत बसलोय, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, ते आमच्या पायांतच होतं. फक्त आत्याला एक सूट होती, तीही तिने स्वतःच घेतलेली. शेगडीवर दूध असलं की ती तिथूनच घर दणाणून टाकायची, "दूध आहे, थांबा!" आणि बाहेरचा मुकाट्याने थांबायचा. एकदा तर टपालवाला थांबला होता, आणि मग त्याला चहा मिळाला.

इथे आले त्या आठवड्यात विद्यापीठातल्या माझ्या विभागाच्या मोठ्या दाराशी उभी राहून मी बेल दाबली. भिंतीतल्या जाळीतून आवाज आला, "कोण?" मी म्हटलं, "मी." मग तोच आवाज म्हणाला, "मी म्हणजे?" आणि खरं सांगते, त्या वेळी मला उत्तर आलं नाही. नाव सांगता आलं असतं, विभाग सांगता आला असता, पुढे ते सांगितलंही. पण आयुष्यात पहिल्यांदा माझा 'मी' कोणाला पुरला नव्हता.

त्याच दिवसांत खोलीच्या दाराने मला छळलं. इथली दारं आपोआप लागतात, आणि लागली की लागली. बाहेर डोकावायचं, मागे टिक असा आवाज, की झालं. आमच्या गावात दार ओढून घेणं म्हणजे नुसतं दार ओढून घेणं होतं, त्याने कोणी बाहेर अडकत नव्हतं. पहिल्यांदा कचरा टाकायला गेले आणि अनवाणी बाहेर राहिले. समोरच्या बाईंनी दार उघडलं. या एक निवृत्त नर्स, ताठ कण्याच्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची दिली, आणि इमारतीच्या राखणदाराला फोन लावला. दुसऱ्यांदा त्यांनी फक्त "परत?" असं विचारलं. मी म्हटलं, "परत." तिसऱ्यांदा त्यांनी आधीच खुर्ची ओढून ठेवली. राखणदाराने मग माझ्या खोलीची दुसरी किल्ली बाईंकडेच देऊन टाकली आणि माझं नाव बिनचावीची ठेवलं. "मी चाळीस वर्षं या घरात आहे, माझं असं एकदाही झालं नाही," बाई म्हणाल्या, शिकवण म्हणून नव्हे, माहिती म्हणून. आत्याला फोनवर सांगितलं तर तिला वेगळीच काळजी. "तुझ्या खोलीला बेल आहे?" "आहे." "आणि आत कोण असतं?" "कोणी नाही." "मग मेली बेल लावलीय कशाला?" माझ्या बेलीला तोवर फक्त राखणदाराने हात लावला होता, तोही चालते का बघायला.

पण खरी आपत्ती यंत्राच्या खोलीत झाली. मी तुटलेल्या लोखंडाचा अभ्यास करते. पुलाचा बोल्ट तुटला, तर तो एकदम तुटला की वर्षानुवर्षं थोडाथोडा तुटत होता, हे त्या तुटलेल्या जागेच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला एक मोठं सूक्ष्मदर्शक यंत्र लागतं. बोल्टाचा तुकडा कापायचा, धुवायचा, बोटभर चकतीवर चिकटवायचा, यंत्राच्या पेटीत ठेवायचा, दार लावायचं. मग पंप आतली हवा ओढून घेतो. एकदा आत पोकळी झाली की ते दार चार पैलवानांनी ओढलं तरी उघडत नाही. आत काहीच नसतं म्हणून उघडत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या खोलीची आठवण होऊन हसू आलं होतं. मग बटण दाबून चकती हळूहळू भिंगाकडे वर न्यायची. इथे डोळा हलता कामा नये. पडद्यावर बघत राहायचं आणि वेळेवर थांबवायचं, कारण चकती भिंगाला टेकली तर यंत्र महिनोन्महिने बंद, सगळ्या विभागाचं काम ठप्प. यंत्र एकटीने वापरायचं तर त्या खोलीची जबाबदारी असलेल्या मॅडमसमोर परीक्षा द्यावी लागते. पहिल्या परीक्षेत माझं सगळं छान चाललं होतं. मॅडम मागे हाताची घडी घालून उभ्या. चकती वर सरकत होती. बेल वाजली. आणि मी उठले. विचार केला नाही, मागे बघितलं नाही, दारापर्यंत पोचलेसुद्धा. कडीला हात लावला तेव्हा मागे मॅडमनी थांबवायचं बटण दाबल्याचा आवाज आला.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. चकती आणि भिंग यांच्यामध्ये नखभर उजेड उरला होता. "तू कुठे निघाली होतीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बेल वाजली." "मग?" बाहेर यंत्राला लागणाऱ्या गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस होता, तो टाकी ठेवून निघून गेला. त्याला आपण कोणाचं काय केलं याचा पत्ताही नसेल. मॅडम म्हणाल्या, "हात चांगले आहेत तुझे. पण ही सवय सोड. आणखी एक संधी देते, त्यानंतर यंत्राचा वेळ दुसऱ्यांना द्यावा लागेल." म्हणजे काय ते मला कळत होतं. यंत्र नाही तर काम नाही, काम नाही तर शिष्यवृत्ती नाही, आणि मग परतीचं विमान. घरी काकांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं, "हिला एकटीला जेवताही येत नाही, येईल बघा सहा महिन्यांत." वाईट म्हणून नव्हे, प्रेमानेच म्हणाले होते. उत्तर आत्याने दिलं होतं. "ती काम झाल्याशिवाय येणार नाही. आणि आली की दार उघडायला मी आहे."

म्हणून मी सवय सोडायला बसले. अक्षरशः बसले. मोबाइलवर यंत्राच्या खोलीच्या बेलीचा आवाज भरून घेतला, तो मध्येच वाजेल अशी सोय केली आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसायला लागले. बेल वाजली की पोटऱ्या ताठ व्हायच्या. बाहेर कोणी नाही हे माहीत असून जीव कासावीस व्हायचा, उन्हातून कोणीतरी आलंय आणि तहानेने उभं आहे असं वाटत राहायचं. हळूहळू जमलं. बेल वाजली तरी बसून राहता यायला लागलं, आणि त्या दिवशी मला जे वाईट वाटलं ते कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. आत्याशी फोनवर बोलताना मी तुटक बोलले. तिला ते एका अक्षरात कळलं असणार, पण तिने विचारलं नाही.

आणि इतकं करून आज मी माझ्याच रिकाम्या खोलीची बेल वाजवून उभी होते. म्हणजे सवय कुठेही गेली नव्हती. मी पुढच्या दाराने हाकलली, ती मागच्या दाराने येऊन पुन्हा आपल्या जागी बसली होती. चावी लावून आत गेले. खोली सकाळी सोडली तशीच होती, उशीवर डोक्याचा खड्डा, खिडकीत वाळत घातलेले मोजे. उभ्याउभ्याच जेवले. भीती वाटत होती, ती वाटत होती म्हणून राग येत होता, आणि या दोन्हींच्या खाली एक चमत्कारिक गोष्ट हलत होती, तिला नाव द्यायला मला भांडी धुऊन होईपर्यंत वेळ लागला. ती लाज नव्हती. मला बरं वाटत होतं. इतक्या लांब, इतक्या महिन्यांनी, माझ्या हातांना अजून खात्री होती की आत कोणीतरी आहे.

यंत्राच्या खोलीत मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. "तयार?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. तुकडा चिमट्याने उचलला, चकतीवर बसवला, फुंकून धूळ उडवली, पेटीत ठेवला, दार लावलं. पंप घुमायला लागला. हा आवाज मला आवडतो, घरात कोणीतरी दुसऱ्या खोलीत काम करत असल्यासारखा. पोकळी झाली. थांबवायच्या बटणावर बोट ठेवून मी चकती वर घ्यायला लागले. पडद्यावर काळ्या जागेत तो छोटा करडा डोंगर वर सरकत होता आणि वरून भिंगाचं टोक खाली बघत होतं. मध्ये दोन बोटं उजेड. मग एक बोट. मॅडमचा श्वास मागे ऐकू येत होता.

बेल वाजली.

माझे पाय उठले. खोटं कशाला बोलू, टाचा जमिनीवरून सुटल्या, खुर्ची मागे कुरकुरली. हात मांड्यांखाली दाबायचा तो सगळा सराव कुठल्या कुठे गेला. बाहेर माणूस होतं. मी आत होते. डोळा पडद्यावर होता आणि उजेड कमी कमी होत होता, आणि त्या क्षणी माझ्या छातीतून असा एक आवाज निघाला की मी स्वतःच दचकले. तो माझा नव्हताच. तो शेगडीसमोर उभ्या असलेल्या बाईचा होता, पातेल्यावरची नजर न हलवता सगळं घर भरून टाकणारा.

"दूध आहे, थांबा!"

माझ्या भाषेत. त्या खोलीत ती भाषा कळणारं यंत्रसुद्धा नव्हतं. पण पाय खाली आले. टाचा टेकल्या. पाठ खुर्चीला लागली, आणि जीव, जो इतके दिवस कासावीस व्हायचा, तो शांत झाला, कारण बाहेरच्या माणसाला आता ठाऊक होतं की आत कोणी आहे आणि ते येणार आहे. बेल पुन्हा वाजली नाही. मी उजेड नखाएवढा होऊ दिला आणि बटण दाबलं. चकती थांबली. मग सावकाश चित्र स्वच्छ केलं. तुटलेल्या लोखंडाची लाट न् लाट पडद्यावर उमटली, एकेका ताणाची एकेक रेघ, वर्षानुवर्षांची, एकही न विस्कटलेली. इतकं सुंदर चित्र मी याआधी काढलं नव्हतं, आणि हे मी नम्रपणे सांगत नाही. चित्र साठवलं, पेटीत हवा सोडली, ती भरल्यावर दार आपोआप सैल झालं. तुकडा डबीत ठेवला. मग उठले आणि जाऊन खोलीचं दार उघडलं. बाहेर तोच गॅसवाला टाकीला टेकून उभा होता, मजेत.

मॅडम म्हणाल्या, "तू काय ओरडलीस ते?"

"थांबा म्हणाले."

"एवढंच? शब्द जास्त होते."

मी म्हटलं, "दूध आहे, थांबा, असं म्हणाले."

त्यांनी यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कुठलं दूध?"

"हेच," मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्या इतक्या जोरात हसल्या की गॅसवालाही उगीचच हसला. मग त्यांनी खणातून दाराचं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. "म्हणजे सवय सोडली नाहीसच," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही." आणि त्या 'नाही'ची मला जी मिजास वाटली ती अजून उतरलेली नाही. यांच्या यंत्राला माझ्या घरचं दूध चाललं होतं. मी काही टाकून आले नव्हते. सगळं बरोबर घेऊन आले होते, आणि ते इथे उपयोगी पडत होतं. रस्त्याने येताना माझी मान इतकी वर होती की एका खांबावर आदळता आदळता वाचले.

खोलीत येऊन, पायातलं न काढताच, बाबांच्या फोनवर फोन लावला. तिकडे दिवेलागण होऊन गेली असणार. फोन आत्यानेच घेतला. समोर माझं नाव दिसत असतं, तरी तिने विचारलं, "कोण?"

"मी."

मग ती म्हणाली, "झालं ना?"

"झालं."

"मग रडतेस कशाला?" मी रडत नव्हते. पण तिने म्हटल्यावर यायला लागलं. तिला सगळं सांगितलं, चकती, उजेड, बेल, टाचा. दुधापाशी आल्यावर ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या लोकांत ओरडलीस? असं?"

"अगदी तुझ्यासारखं."

"थांबला का तो?"

"थांबला."

"थांबतोच," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा वर गेला होता. "माझ्यासाठी टपालवाला थांबला होता." एवढ्यात तिकडे बेल वाजली. "धर गं जरा," म्हणून तिने फोन तसाच खाली ठेवला, आणि मी आमचं सगळं घर ऐकलं. तिची पावलं, जरा घासत जाणारी. "कोण?" "मी." कडी. काकांच्या चपला. आणि मग आत्या, गल्लीला ऐकू जाईल अशी, "ऐकलंत का, पोरीला यंत्र मिळालं! एकटीला!" काका काहीतरी पुटपुटले, ते नीट ऐकू आलं नाही, पण मग त्यांनी घसा साफ केला, आणि सहा महिन्यांचं आपलं भाकीत त्यांना आठवलं असणार, हे मला कळलं.

आत्या परत फोनशी आली, "हां, बोल," म्हणाली, आणि माझी बेल वाजली.

माझी. माझ्या खोलीची. कर्कश आवाज होता, आतून मी तो कधी ऐकलाच नव्हता. मी फोन हातात घेऊन नुसती बघत राहिले.

"अगं, बेल वाजतेय ना तुझ्याकडे?" आत्या म्हणाली. "ऊठ की. बाहेर माणूस उभं आहे."

"धर गं जरा," मी म्हटलं आणि दाराशी गेले. "कोण?"

समोरच्या बाई शब्द मोजून वापरतात. त्यांनी एकच वापरला.

"मी."

मी दार उघडलं. घरातल्या सपाता, अंगावर ॲप्रन, हातात कचऱ्याची रिकामी बादली, आणि पाठीमागे त्यांचं घट्ट लागलेलं दार. बाजूला झाले, त्यांना आत घेतलं, आणि खुर्ची ओढून दिली.